अंड्याशिवाय

"रूथताई, मला सुतक आहे. आत आले तर चालेल ना तुम्हाला?"

दार उघडलं तर शैलजावहिनी उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. हातात पितळी परात, परातीत लिंबं, एक ताट आणि झाकण घातलेलं पातेलं. एकच जिना उतरून आल्या होत्या, पण धाप लागली होती. डोळे कोरडे होते. त्या दिवसांत त्यांचे डोळे कोरडे दिसले की मला जास्त भीती वाटायची.

"आमच्यात सुतक नसतं, वहिनी," मी म्हटलं. "या आत."

"परात माझी आणलीय. ताटही. राग मानू नका हं. उद्याच्यासाठी आहे म्हणून."

"ओव्हनही आणला असतात तर माझं काम वाचलं असतं," मी म्हटलं. सवय, दुसरं काय. वीस-बावीस वर्षं वर-खाली राहून आम्ही एकमेकींशी असंच बोलत आलो होतो. त्या हसल्या नाहीत, आणि मला माझ्याच तोंडाचा राग आला.

गायधनी आमच्या डोक्यावर राहायचे. नाशिकला शरणपूर रोडच्या मागे आमची लहानशी सोसायटी आहे, तळमजल्यावर मी आणि पहिल्या मजल्यावर ते तिघं. मुकुंदराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वहिनी घर सांभाळणाऱ्या आणि एकुलता एक आल्हाद. आठवड्याच्या सुरुवातीला ताप आला म्हणून गोळी घेऊन ऑफिसला गेलेला हा मुलगा आठवड्याच्या शेवटी शववाहिकेतून घरी आला. डेंग्यू. सव्वीसचा होता. वहिनी परात घेऊन आल्या तो नववा दिवस.

"उद्या दहावा," त्या म्हणाल्या. परात ओट्यावर ठेवली आणि तिच्यावरचा हात काढायला विसरल्या. "ती कडक बिस्किटं करायची आहेत. लिंबाची, बदामाची. तुम्ही आणि तो करायचात ती. करणार मीच. तुम्ही फक्त सांगा."

ती बिस्किटं मी आणि तो करायचो हे खरं होतं. पण खरं म्हणजे तीच एक गोष्ट तो करायचा आणि मी बघायचे.

माझे मिस्टर गेल्यावर मी नाताळच्या केकच्या ऑर्डरी घ्यायला लागले, त्यासाठी मोठा ओव्हन घेतला. आल्हाद तेव्हा कॉलेजात होता. आधी केकच्या कडा खायला यायचा. मग कडा कापायला लागला. मग अंडी फेटायला. रविवारी मी चर्चमधून परत येईपर्यंत हा दाराशी पायरीवर बसलेला असायचा, मोबाइलमध्ये डोकं घालून. एका रविवारी म्हणाला, "मावशी, बिस्कॉटी करू या. इटलीतली आहेत. दोनदा भाजतात."

"म्हणजे टोस्ट."

"टोस्ट नाही, मावशी."

"दोनदा भाजतात ना? मग टोस्टच."

तो एवढा दुखावला, की पुढे मी मुद्दाम टोस्टच म्हणत राहिले. पहिली खेप काळी झाली, दुसरी दगड झाली, तिसऱ्या खेपेला त्यानं एक तुकडा ओट्यावर आपटला. टक् असा आवाज आला. "हा आवाज आला पाहिजे," तो म्हणाला, जणू इटलीत जाऊन ऐकून आला होता. तेव्हापासून दर रविवारी तोच उद्योग. एक डबा माझ्याकडे राहायचा, एक तो वर घेऊन जायचा. कॉफीत बुडवून खायचा, सकाळी, ऑफिसला जाण्याआधी.

"कशाला करताय, वहिनी?" मी शेवटी विचारलं. "उद्याचं तर तुमचे लोक सगळं घेऊन येतीलच. गुरुजी आहेत."

"सगळं आणतील. भात आणतील, पिंड आणतील." त्यांनी लिंबं परातीतून एकेक बाहेर काढली. त्यांच्याच गच्चीतल्या कुंडीतली होती. "हे कुणी आणणार नाही. आणि त्याला हेच पाहिजे आहे."

मला त्यांच्यातलं कावळ्याचं प्रकरण माहीत होतं. नाशिकला जन्म काढला, गोदाकाठावरून जाता-येता शंभरदा पाहिलं होतं. दहाव्याला पिंड मांडतात आणि सगळे लांब उभे राहून झाडाकडे, तारांकडे बघतात. कावळा शिवला की गेलेल्याचं काही राहिलं नाही. नाही शिवला की काहीतरी राहिलं आहे, मग ते काय हे ओळखायचं, त्याच्या आवडीचं ठेवायचं, मोठ्यानं वचन द्यायचं. आमच्यात माणूस गेला की देवाकडे गेला, पाद्रीसाहेब तसं सांगतात आणि आपण मान डोलावतो. माझे मिस्टर गेले तेव्हा त्यांना काय पाहिजे होतं हे विचारायची काही सोयच नव्हती. तेव्हा मला शेजारणीच्या कावळ्याचा थोडा हेवा वाटला होता.

मी फ्रीज उघडला आणि हाताच्या सवयीनं दोन अंडी काढून ओट्यावर ठेवली.

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"ही कशाला?"

मी तोंड उघडेपर्यंत त्यांना कळलं होतं. माझ्याही तेव्हाच लक्षात आलं, की त्यांना इतकी वर्षं माहीत नव्हतं.

"त्यात अंडं असतं?"

"असतं."

"दर वेळी?"

"वहिनी, त्याशिवाय ती होतच नाहीत."

"तो म्हणाला होता दूध घालतात." त्या स्टुलावर बसल्या. "मी विचारलं होतं त्याला, पहिल्यांदा डबा आणला तेव्हाच. म्हटलं, अंडं नाही ना यात? तर म्हणाला, नाही गं आई, दूध आहे. माझ्या मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवायचा तो डबा. देव्हारा हातभर लांब." थोड्या वेळानं म्हणाल्या, "ह्यांनीपण खाल्लं होतं एकदा. छान आहे म्हणाले."

एरवी या गोष्टीवर आम्ही दोघी पोट धरून हसलो असतो. मुकुंदरावांसारखा माणूस, अंड्याच्या गाडीवरून जाताना नाकाला रुमाल लावणारा, आणि छान आहे म्हणाला. वहिनी मात्र त्या दोन अंड्यांकडे अशा बघत होत्या, जणू ती आल्हादनंच मागे ठेवली होती.

"आणखी काय काय खोटं सांगितलं असेल त्यानं मला?" त्या म्हणाल्या.

"वहिनी, काहीतरी काय. अंड्याचं एक सोडलं तर त्या मुलाला खोटं बोलता येत नव्हतं. कान लाल व्हायचे."

"तो हे बोलला तेव्हा मी कानाकडे नाही बघितलं."



मग त्या उठल्या, पदर खोचला, अंडी दोन बोटांनी उचलून मागच्या बाजूला सरकवली आणि हात धुतले.

"अंड्याशिवाय करू."

"ती ही नव्हेत मग."

"पिंडाशेजारी अंडं कसं ठेवणार, रूथताई? गुरुजींना नाही कळणार, ह्यांना नाही कळणार. मला कळेल ना." आवाज चढला नव्हता. "दही घालू. मी दही आणलंय, थोडं तूप आणलंय. चव लिंबाचीच आहे ना? बदाम आहेत. साखर आहे. एवढ्यानं ओळखेल तो."

मी आणखी वाद घातला नाही. ज्या बाईचा मुलगा गेला तिच्याशी बिस्किटाच्या कृतीवरून काय भांडायचं? आणि मला काय माहीत कावळ्याला काय कळतं ते.

त्यांना लिंबाची साल किसायला दिली. आल्हादनं त्यासाठी एक बारीक, लांबुळकी किसणी मागवली होती. ती माझ्याच ड्रॉवरमध्ये राहायची, कारण घरी नेली असती तर कशासाठी हा प्रश्न आला असता. ती त्याची आहे म्हटल्यावर वहिनींनी ती हातात घेऊन उलटसुलट केली, दांड्याला अंगठा लावून पाहिला.

"नुसतं पिवळं घ्यायचं," मी म्हटलं. "पांढरं आलं की कडू होतं. आपल्या लिंबांची साल पातळ, दोनदा फिरवली की संपली."

"हे त्यानं सांगितलं?"

"त्यानंच सांगितलं. मला कोण सांगणार?"

त्या अगदी हलक्या हातानं किसायला लागल्या. लिंबाचा वास स्वयंपाकघरभर पसरला. मी पाठ फिरवून बदाम भाजायला घेतले, कारण त्या वासानं माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि त्यांच्यासमोर रडायचा हक्क मला नव्हता.

मैदा, साखर, चिमूटभर मीठ, बेकिंग पावडर, बदाम. दही घालून त्यांनी मळायला घेतलं. हात स्वयंपाकातला, मळणं सुरेख होतं, फार सुरेख. हे पीठ मळायचं नसतं, नुसतं गोळा करायचं असतं. मी तसं सांगितलं तर त्या थांबल्या आणि दोन्ही हात परातीबाहेर धरून उभ्या राहिल्या, मारल्यासारख्या. मग आम्ही त्याची एक लांबट, चपटी लादी केली आणि त्यांच्या ताटात ठेवून ओव्हनमध्ये सरकवली. दार लावण्याआधी त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"आत विस्तवच असतो ना?"

"तारा तापतात."

"म्हणजे विस्तवच. चालेल."

लादी भाजली की बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्यायची, मग तिरके काप पाडायचे आणि ते पुन्हा भाजायचे. हे मधलं वाट बघणं सगळ्यात अवघड. आल्हाद त्या वेळात माझी भांडी घासून टाकायचा. वहिनी ताटासमोर बसून राहिल्या, हात मांडीवर.

"तुमच्याशी काय बोलायचा?" त्यांनी विचारलं.

"काही खास नाही. ऑफिसातल्या साहेबाच्या नकला. क्रिकेट. ओव्हन कुठला चांगला."

"आमच्याबद्दल?"

"बाबांच्या गुडघ्याबद्दल बोलायचा. तुम्ही औषध वेळेवर घेत नाही म्हणायचा."

"ओव्हन घरी आणतो म्हणाला होता. मागच्या दिवाळीत. हे म्हणाले, काय करणार त्यात, केक? मग अंडी येणार घरात. तो काही बोलला नाही. त्याचं असंच असायचं, वाद घालायचाच नाही." त्यांनी लादीला हळूच बोट लावलं. गरमच होती. "दवाखान्यात त्यानं मागितली होती ही बिस्किटं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. हे मला माहीत नव्हतं.

"शेवटच्या दिवशी. ताप उतरला होता ना, सगळ्यांना वाटलं उतार पडला. जरा उठून बसला आणि म्हणाला, आई, मावशीकडची बिस्किटं आण ना गं, तोंडाला चव नाही. मी म्हटलं, एवढी कडक कुठे खातोस आता, घशाला लागतील. पेज खा. घरी गेलास की खा हवी तेवढी." त्या थांबल्या. "पेज खाल्ली त्यानं. अर्धी वाटी. मी चमच्यानं भरवली आणि मला इतकं बरं वाटलं, रूथताई. पोटात काही गेलं म्हणून. संध्याकाळी पुन्हा बिघडलं, आणि मग ते आपल्याला आत सोडेनात."

आता कळलं की त्या सकाळी परात घेऊन का आल्या होत्या. कावळ्याला काय हवं हे ओळखायला त्यांना कुणाची गरज नव्हती. त्यांना मुलानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. ते एक त्याच्या तोंडी पडलं, की त्यांनी भरवलेली ती पेज त्यांना आयुष्यभर गिळता आली असती. न पडलं तर काय, हे मला मनातसुद्धा आणायचं नव्हतं.

लादी पुरती गार व्हायच्या आतच त्यांनी सुरी मागितली. मी थांबा म्हटलं. आल्हाद असता तर त्यानंही सुरी हातातून काढून घेतली असती. पण त्यांना थांबवत नव्हतं. दह्याचं पीठ, आधीच ठिसूळ. पहिले दोन-तीन काप तुटले, बदामाशी आले की भसकन भुगा व्हायचा. बाकीचे जमले, वेडेवाकडे. दुसऱ्यांदा भाजून बाहेर काढले तेव्हा रंग चांगला आला होता. दिसायला तशीच दिसत होती म्हणायला हरकत नाही.

वहिनींनी एक उचललं आणि ओट्यावर आपटलं.

थप् असा काहीसा आवाज झाला, आणि कोपरा झडला.

मी त्यांच्याकडे बघितलं. म्हणजे तो आवाज त्यांनाही ठाऊक होता.

"तो कपाच्या काठावर वाजवायचा," त्या म्हणाल्या. "मी आत कणीक मळत असायचे. तो आवाज आला की कळायचं, आता पाच मिनिटांत निघेल, डबा भरायला घ्यावा." पुन्हा एकदा आपटून पाहिलं. "गार झाली की येईल आवाज. नाही?"

"येईल," मी म्हटलं. येणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी गोदाकाठी मीही गेले. जरा अंतर ठेवून, पायऱ्यांच्या वरच्या अंगाला उभी राहिले. बायका फारशा नव्हत्या, वहिनी आणि त्यांची एक नणंद. बापानं मुलाचं करायचं म्हणजे काय, हे त्या दिवशी मुकुंदरावांना बघून कळलं. गुरुजी सांगतील तसे हात हलत होते, पण माणूस तिथे नव्हता. मांडी मोडून उठताना गुडघ्यानं दगा दिला तेव्हा त्यांनी आधारासाठी शेजारी हात पुढे केला, आणि शेजारी कुणी नव्हतं.

पिंड मांडले. शेजारी पानावर भात, वरण, त्याच्या आवडीची बटाट्याची भाजी, आणि वहिनींनी पदराखालून डबा काढून ती बिस्किटं ठेवली. नणंदेनं हे काय म्हणून बघितलं. गुरुजींनी मात्र पान थोडं सरकवून जागा करून दिली. बरा माणूस होता.

सगळे मागे सरले.

कावळे होते. भरपूर होते. तारांवर, मंडपाच्या पत्र्यावर, कठड्यावर. आमच्या डाव्या हाताला आणखी एक कुटुंब आलं होतं, कुणा म्हातारबाबांचं. त्यांनी पिंड मांडून पाठ फिरवली न फिरवली तोच दोन कावळे उतरले आणि भात घेऊन गेले. त्या लोकांनी हात जोडले. एक बाई तर हसली, मोकळी झाल्यासारखी. मला तिचा इतका राग आला, की काही विचारू नका.

आमच्याकडे एक कावळा कठड्यावर येऊन बसला. मान तिरकी करून पानाकडे बघितलं. वहिनींनी श्वास धरला होता. तो पाय बदलून उडाला आणि म्हातारबाबांच्या पानावर जाऊन बसला.

"काही बोला," गुरुजी मुकुंदरावांना म्हणाले. "त्याच्या मनात काही असेल तर."

मुकुंदराव पुढे झाले. "आईची काळजी करू नकोस," ते म्हणाले. "मी बघीन तिच्याकडे. औषध वेळेवर देईन."

कावळा आला नाही.

"तुझी गाडी विकणार नाही. तिला कुणी हात लावणार नाही."

ऊन वर चढत होतं. भातावर माशा यायला लागल्या. नणंद कुणाच्या तरी कानात बोलत होती. वहिनी पुढे गेल्या आणि नवऱ्याच्या बाहीला धरलं. "ओव्हनचं सांगा," त्या म्हणाल्या.

मुकुंदरावांनी त्यांच्याकडे बघितलं. मग पुन्हा समोर, त्या पानाकडे. "आल्हाद, ओव्हन आणतो मी. घरी कर तुला पाहिजे ते."

"अंडं घालून कर म्हणा."

"काय?"

"अंडं घालून कर, असं सांगा त्याला."

मुकुंदरावांना काही कळलं नसणार. पण गेल्या दहा दिवसांत त्यांना कुठल्याच गोष्टीचं काही कळत नव्हतं, ही त्यातलीच एक. त्यांनी घसा खाकरला. त्या घाटावर, गुरुजी, भाऊबंद, शेजारचं कुटुंब, सगळ्यांच्या देखत, जन्मभर अंड्याच्या वासानं नाक झाकणारा तो माणूस मोठ्यानं म्हणाला, "अंडं घालून कर, बाळा. मी काही म्हणणार नाही."

कुणी हसलं नाही.

कावळेही आले नाहीत. अर्धा तास, एक तास, आणखी किती कोण जाणे, कुणी घड्याळ बघण्याची हिंमत केली नाही. म्हातारबाबांची माणसं सगळं आवरून निघून गेली. शेवटी गुरुजी वहिनींजवळ आले.

"वहिनी, पक्षी आहे तो. सकाळपासून घाटावर खातोय, पोट भरलंय त्याचं. मनाला लावून घेऊ नका." मग मुकुंदरावांना म्हणाले, "दर्भाचा करू या."

गवताच्या काड्या गुंडाळून त्यांनी बोटभर कावळा केला आणि पिंडाला टेकवला. शास्त्रात सोय आहे. झालं. पान, भात, ती बिस्किटं, सगळं पाण्यात सोडलं. भात लगेच बुडाला. बिस्किटं थोडा वेळ तरंगली आणि मग फुगून विरघळली.

पायऱ्या चढताना वहिनी माझ्या शेजारी आल्या. हात धरला नाही, नुसत्या बरोबरीनं चालत राहिल्या.

"आवाजच नव्हता त्याला," त्या म्हणाल्या.

तेरावा झाला, पाहुणे गेले. त्यानंतर एका दुपारी त्या पुन्हा खाली आल्या. या वेळी हात रिकामे होते.

"अंड्याची करा," त्या म्हणाल्या. "त्याला करायचात तशीच."

"आता कशाला, वहिनी?"

"मला खायचीत."

त्यांनी जन्मात अंडं खाल्लं नव्हतं. आजारपणात डॉक्टरांनी सांगितलं तरी नाही. मी चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न बोलता फ्रीज उघडला. केली. आल्हाद करायचा तशीच केली, लादी पुरती गार होऊ दिली, तिरके काप पाडले, दुसऱ्यांदा मंद भाजले. वहिनी स्टुलावर बसून होत्या. अंडी फोडताना त्यांनी तोंड फिरवलं नाही.

मी कॉफी केली आणि समोर कप ठेवला. त्यांनी एक बिस्किट घेतलं, कपाच्या काठावर वाजवलं.

टक्.

त्यांचा हात तिथेच थांबला. चेहरा असा उजळला, की मला वाटलं, आता काहीतरी सुटेल. "हाच," त्या म्हणाल्या. "हाच आवाज." त्यांनी मान जराशी जिन्याकडे वळवली, अगदी जराशी, वरून कुणी निघालं का बघायला. मग बिस्किट कॉफीत बुडवलं आणि तोंडात घातलं.

त्या चावत राहिल्या. फार वेळ चावत राहिल्या. मी श्वास रोखून बघत होते, घाटावर त्या बघत होत्या तशी.

"कसं लागलं?"

त्यांनी गिळलं. दुसरा घास घेतला, तोही गिळला. सगळं संपवलं, कॉफीत पडलेला चुराही बोटानं काढून खाल्ला.

"मला नाही आवडलं हो, रूथताई," त्या म्हणाल्या, आणि घाटावर न आलेलं रडणं तेव्हा आलं. "काय होतं यात एवढं? सांगा ना. तुम्ही होतात त्याच्याबरोबर. त्याला काय आवडायचं यात?"

लिंबाचा वास, मी म्हटलं. भाजलेला बदाम. कडकपणा. एकेक सांगत गेले आणि माझं मलाच ऐकू येत होतं, की मी एका बिस्किटाबद्दल बोलते आहे.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. मुकुंदरावांनी शब्द पाळला, ओव्हन आणला. तो वर त्यांच्या स्वयंपाकघरात आहे, कधी लावलेला नाही, त्याच्यावर वर्तमानपत्रांची रद्दी असते. वर्षातून एकदा, त्याच्या तिथीच्या दुपारी, वहिनी खाली येतात. मी बिस्किटं केलेली असतात. त्या कपाच्या काठावर वाजवतात, बुडवतात, एक पूर्ण खातात. गेल्या वर्षी त्यांनी विचारलं, "यंदा काही वेगळं घातलंत का?" मी नाही म्हटलं. "मग नाहीच," त्या म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसून वर गेल्या. दरवर्षी खातात आणि दरवर्षी त्यांना ती आवडत नाहीत.

उरलेली मलाही खाववत नाहीत. मी ती मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते. खिडकी लावून घ्यायच्या आत कावळे येतात आणि एकेक करून सगळी घेऊन जातात. वहिनींना मी हे कधी सांगितलेलं नाही.